एका दिवसाचा खंड

माझ्या नेमणुकीच्या आदेशांची धारिका नागपूरच्या नंदनवनातल्या घरी मी अजून जपून ठेवली आहे. दहा वर्षांची सेवा आणि जवळजवळ तितकेच आदेश. प्रत्येकाचा मजकूर सारखा: नेमणूक निव्वळ कंत्राटी राहील, तिची मुदत अकरा महिन्यांची राहील, मुदत सरताच ती आपोआप संपुष्टात येईल आणि तिच्या आधारे नियमित सेवेचा कोणताही हक्क सांगता येणार नाही. एका आदेशाची अखेरची तारीख आणि पुढच्या आदेशाची पहिली तारीख यांच्यामध्ये दर वेळी एक दिवस मोकळा सोडलेला आहे. कार्यालयीन भाषेत त्याला तांत्रिक खंड म्हणतात. त्या दिवशी मी कोणाचीही डॉक्टर नसे.

पहिल्या वर्षी तो दिवस बुधवारी आला. घरात भाजी नव्हती म्हणून मी सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात गेले. तेथे आमच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित येणारी एक बाई मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. पन्नाशीची, विधवा. तिचा रक्तदाब दोन महिन्यांच्या खटपटीनंतर नुकता कोठे ताब्यात येऊ लागला होता आणि आठवड्यापूर्वीच मी एक गोळी बदलून दिली होती. मला पाहून ती चकित झाली. "मॅडम, आज दवाखाना बंद हाये का?" मी सांगितले की दवाखाना सुरू आहे, पण माझी नेमणूक काल संपली आणि नवी उद्यापासून आहे. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. जुडी बांधता बांधता तिने विचारले, "मंग माहा बीपी आज कोन पायते?"

त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही. शहरात त्या दिवशी डॉक्टर होते, 'मेडिकल' आणि 'मेयो' या मोठ्या सरकारी रुग्णालयांत होते, आमच्याच केंद्रात तात्पुरती सोय म्हणून दुसरे कोणी बसले असणार. त्यांच्यापैकी कोणीही तिच्या दंडाला पट्टा बांधून आकडा सांगू शकला असता. तिला विचारायचे होते ते वेगळे होते. तिच्या मते तिचा रक्तदाब ही तिची आणि माझी सामाईक गोष्ट होती, आणि त्या सामाईकपणाला सुट्टी कशी असू शकते, हे तिला समजत नव्हते. पुढे अनेक वर्षे मी या व्यवस्थेचा विचार करीत आले आहे. त्याची सुरुवात त्या जुडीपाशी झाली.

हा मोकळा दिवस कोणा अधिकाऱ्याच्या दुष्टाव्यातून जन्मलेला नाही, हे आधी सांगितले पाहिजे. त्याची कारणे पैशाच्या रचनेत आणि कायद्यात आहेत. नागरी भागातील गरिबांना घराजवळ प्राथमिक उपचार मिळावेत म्हणून २०१३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू केले. साधारणपणे पन्नास हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथे वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि वस्तीत फिरणाऱ्या एएनएम व आशा, असा त्याचा आराखडा. खर्चाचा वाटा केंद्राचा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस टक्के. अभियान हे नावाप्रमाणेच अभियान असल्यामुळे त्यातील पदे कायम आस्थापनेवर नसतात. ती ठरावीक काळाच्या आराखड्यात मंजूर होतात आणि तो काळ संपला की पुन्हा मंजुरीची वाट पाहतात. निधी जितक्या मुदतीचा, तितक्याच मुदतीचा माणूस.

कायद्याचे कारण याहून सूक्ष्म आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी प्रकरणात निर्णय दिला की, घटनेला अभिप्रेत असलेल्या भरतीप्रक्रियेतून न आलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला केवळ दीर्घ सेवेच्या बळावर कायम होण्याचा हक्क प्राप्त होत नाही. मागील दाराने होणाऱ्या नेमणुकांना आळा बसावा, हा त्यामागचा हेतू योग्यच होता. पण प्रशासनाने त्यातून स्वतःपुरता एक धडा घेतला: सेवेत सातत्य दिसू देऊ नये. सलग सेवा हा उद्या न्यायालयात पुरावा ठरू शकतो, म्हणून ती अधूनमधून तोडावी. पुढे २० डिसेंबर २०२४ रोजी जग्गो प्रकरणात न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने, नित्य स्वरूपाचे काम वर्षानुवर्षे तात्पुरत्या नावाखाली करून घेणे आणि त्यासाठी उमादेवी निकालाची ढाल पुढे करणे अनुचित असल्याचे स्पष्ट केले. तोवर माझी शेवटची मुदत संपून गेली होती.

येथे सातत्य हा एकच शब्द दोन दालनांत दोन परस्परविरुद्ध अर्थांनी वावरतो. आस्थापना विभागाच्या लेखी सातत्य ही जोखीम आहे. वैद्यकाच्या लेखी, विशेषतः कुटुंबवैद्यकाच्या लेखी, सातत्य हाच उपचार आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा, क्षय, नैराश्य यांपैकी कोणताही विकार एका भेटीत समजत नाही आणि एका भेटीत बरा होत नाही. कालचा आकडा ज्याला ठाऊक आहे त्यालाच आजच्या आकड्याचा अर्थ कळतो. जी व्यवस्था सातत्याला भिऊन करार आखते, ती नकळत उपचारालाच भिऊन करार आखत असते.

ही केवळ जुन्या डॉक्टरांची भावुकता आहे, असे कोणाला वाटू शकेल. म्हणून नॉर्वेचा दाखला देते. २००१ पासून तेथे प्रत्येक रहिवाशाला एका ठरावीक डॉक्टरच्या यादीत नाव नोंदवता येते. हे डॉक्टर बहुतांशी सरकारचे पगारी नोकर नाहीत. स्थानिक नगरपालिका त्यांच्याशी करार करते, म्हणजे तेही एका अर्थाने कंत्राटीच आहेत. सुमारे ४५ लाख नागरिकांच्या नोंदींचा अभ्यास करून तेथील संशोधकांनी २०२२ साली जे निष्कर्ष मांडले, ते मी अनेकदा वाचले आहेत. ज्यांचा आपल्या डॉक्टरशी संबंध पंधरा वर्षांहून अधिक काळाचा होता, त्यांच्या बाबतीत, वर्षभराचाच संबंध असलेल्यांच्या तुलनेत, अवेळी तातडीच्या सेवेची गरज पडण्याची, रुग्णालयात अकस्मात दाखल व्हावे लागण्याची आणि मृत्यूचीही शक्यता सुमारे पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी आढळली. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही, हे मान्य करूनही इतके म्हणता येते की एखाद्या नव्या औषधाने असा परिणाम दाखवला असता, तर ते मिळवण्यासाठी सरकारांनी धाव घेतली असती.

नॉर्वे श्रीमंत आहे, लोकसंख्येने लहान आहे. तेथील गोष्ट नागपूरला कशी लागू व्हावी, हा आक्षेप स्वाभाविक आहे. पण कुटुंबवैद्याशी सार्वजनिक करार करण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. ती माझ्या आजोळातच होती.

माझे मामा मुंबईच्या लालबागेत पॅनल डॉक्टर होते. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना अस्तित्वात आली. आजच्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तिचा प्रारंभ नागपुरातच झाला, १९५४ साली, जेव्हा हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि एम्प्रेस व मॉडेल या गिरण्यांचे भोंगे येथील दिवसाचे प्रहर ठरवीत होते. त्याच वर्षी ती मुंबईत गेली. मुंबईत तिने खाजगी डॉक्टरांशी करार केले. विमाधारक कामगार आपल्या वस्तीतील यादीतून एक डॉक्टर निवडी. डॉक्टरला त्याच्या यादीतील दरडोई वर्षाकाठी एक ठरलेली रक्कम मिळे, मग तो कामगार वर्षातून एकदा येवो की वीसदा. 'पॅनल' हा शब्दही दूरचा प्रवास करून आला होता. १९११ च्या विमा कायद्यानुसार इंग्लंडमध्ये कामगारांसाठी डॉक्टरांच्या अशाच याद्या लावल्या गेल्या होत्या, आणि तिथून तो लालबाग-परळच्या चाळींत येऊन मराठी होऊन गेला. पॅनलवाला डॉक्टर म्हटले की कामगाराच्या घरातल्या लहान मुलालाही अर्थ कळे.

मामांच्या दवाखान्यात एका भिंतीला लाकडी खणांचे उभे कपाट होते आणि त्यात प्रत्येक विमाधारकाचे तपकिरी पाकीट असे. आत त्याच्या आजारांच्या नोंदी. सुट्टीत मी तिथे गेले की पाकिटे क्रमाने लावण्याचे काम माझ्याकडे येई. काही पाकिटे इतकी जुनी असत की त्यांच्या घड्या कापडासारख्या मऊ पडलेल्या. रुग्ण आत येऊन बसेपर्यंत मामा पाकीट उघडून वाचत, आणि मग ज्या वाक्याने सुरुवात करीत ते वाक्य मागच्या भेटीत जिथे संपले होते तिथूनच सुरू होई. "मुलीचं बाळंतपण नीट झालं का?" कामगार प्रथम त्याचे उत्तर देई आणि मग खोकल्याकडे वळे.

या पद्धतीत दोष होते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दरडोई रक्कम आधीच मिळते म्हटल्यावर यादी फुगवावी आणि रुग्णाला दोन मिनिटांत लाल औषधाची बाटली देऊन वाटेला लावावे, हा मोह होताच, आणि त्याला बळी पडलेले डॉक्टरही होते. आजारपणाच्या दाखल्यांचा बाजार मांडल्याची टीका पॅनल डॉक्टरांवर दीर्घकाळ होत आली. सचोटी करारात लिहिता येत नाही. ती माणसाला बरोबर आणावी लागते. पण ज्याच्याजवळ ती आहे त्याला वागायला जागा ठेवणे मात्र कराराच्या हाती असते. मामांच्या करारात ती जागा होती, कारण त्यांचे नाते खुर्चीशी नव्हते, माणसांच्या एका यादीशी होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबत गेला. वर्गणी थांबली की विम्याचा हक्कही काही मुदतीनंतर थांबतो, या नियमाने मामांच्या यादीतील नावे एकेक करून गळू लागली. त्यांनी कपाटातील एकही पाकीट काढून टाकले नाही. पुढची दोन-तीन वर्षे ते त्या माणसांना तपासत राहिले. कोणी गावी निघून गेला तर नोंदींची नक्कल त्याच्या हाती देत, तिकडच्या डॉक्टरला दाखवावी म्हणून. मी तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते. एकदा मी विचारले, "मामा, आता तर यांचे पैसेही मिळत नाहीत." ते म्हणाले, "अगं, यादीतून नाव सरकारने काढलं. मी कुठे काढलंय?"

त्यांच्या तुलनेत माझा करार विचित्र होता. मला मानधन वेळेवर मिळत असे, औषधांचा साठा शासनाचा, प्रयोगशाळा शासनाची. मामांना यातले काहीच नव्हते. पण माझ्या आदेशात एकाही माणसाचा उल्लेख नव्हता. केंद्राचे नाव होते, वेळ होती, बाह्यरुग्णांची दैनंदिन संख्या कळवण्याची सूचना होती. महिन्याच्या अहवालात मी किती जणांना तपासले हे लिहीत असे. त्यांपैकी किती जण तेच होते आणि त्यांचे पुढे काय झाले, हे लिहिण्यासाठी रकानाच नव्हता.

याचा परिणाम काय होतो हे मला २०१९ साली कळले. त्या वर्षी मुदतवाढीचा आदेश रखडला. एका दिवसाचा खंड चार महिन्यांचा झाला. मी घरी होते. उद्या येईल, सोमवारी येईल, असे म्हणत दिवस जात होते. केंद्रात आळीपाळीने वेगवेगळे डॉक्टर पाठवले जात होते.

आमच्या क्षेत्रात सिकलसेलचा एक मुलगा होता. विदर्भात या आजाराची ओळख करून देण्याची गरज नाही. १९५८ साली नागपुरातील डॉक्टर शुक्ला आणि डॉक्टर सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे शहर या व्याधीच्या अभ्यासाशी जोडलेले आहे, आणि येथील अनेक घरे त्याआधी कितीतरी पिढ्या त्या वेदनेशी जोडलेली आहेत. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा उठतात. त्याला आमच्याकडे सर्वच जण 'क्रायसिस' म्हणतात, निरक्षर आईसुद्धा. हा मुलगा दहा वर्षांचा असल्यापासून मी त्याला पाहत होते. मोठ्या रुग्णालयातून त्याला हायड्रॉक्सियुरिया सुरू झाले होते. या औषधाने कळांची वारंवारता कमी होते, पण रक्तपेशींची संख्या ठरावीक अंतराने तपासावी लागते. ती तपासणी आमच्याकडे होई. त्याच्या कळा खऱ्या कोणत्या आणि शाळेच्या भीतीने वाढलेल्या कोणत्या, हे मला त्याच्या चालण्यावरून समजू लागले होते. तो कळांत ओरडत नसे, गप्प होई. ही गोष्ट कुठल्याही नोंदवहीत नव्हती. ती फक्त मला आणि त्याच्या आईला ठाऊक होती.

त्या चार महिन्यांत त्याच्या आईला चार वेगळे चेहरे भेटले. प्रत्येकापुढे तिने प्लास्टिकच्या पिशवीतील कागद उलगडले. त्यांपैकी एकाने रक्तपेशींची संख्या थोडी उतरलेली पाहून औषध थांबवले. ते अयोग्य नव्हते. काही काळ थांबवून पुन्हा तपासणे हीच रीत आहे. पण पुन्हा तपासण्याच्या दिवशी तो डॉक्टर तिथे नव्हता, आणि जो होता त्याला मुळात औषध सुरू होते हेच ठाऊक नव्हते. औषध थांबलेलेच राहिले. पुढे थंडीत मुलाला ताप आला. केंद्रात आणले तेव्हा तो गप्प होता. गप्प मुलाला विशेष त्रास नसावा, असे कोणालाही वाटले असते. दुसऱ्या रात्री त्याला श्वास घेता येईना आणि 'मेडिकल'मध्ये अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. तो वाचला. तेथील निवासी डॉक्टरांनी रात्रंदिवस जागून त्याला वाचवले.

मी पुन्हा रुजू झाले त्या आठवड्यात त्याची आई आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला अधिक जड गेले. ती इतकेच म्हणाली, "चारही डॉक्टर चांगले होते, मॅडम. पन मले दर खेपेला पयल्यापासून सांगा लागे. एका खेपेला मी सांगाले इसरली."

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. आपली सार्वजनिक व्यवस्था औषध विनामूल्य देते, तपासणी विनामूल्य करते. पण डॉक्टरच्या स्मृतीचे काम तिने गरीब बाईच्या डोक्यावर टाकलेले आहे. दर खेपेला सारे पहिल्यापासून सांगणे, हे त्या विनामूल्य सेवेचे न लिहिलेले शुल्क आहे. जी शिकलेली नाही, जी रोजीवर जाते, जिच्या पाठीवर दुसरे मूल आहे, तिने ते चुकते करायचे, आणि एखाद वेळी ते चुकते करायचे राहिले तर त्याचा दंड मुलाच्या छातीत भरला जायचा. वेल्समधील ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावी आयुष्यभर काम केलेले डॉक्टर जूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली एक नियम मांडला होता: जेथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक असते, तेथेच ती सर्वांत कमी उपलब्ध असते. सातत्यालाही हा नियम लागू पडतो. नंदनवनात आमच्या घराजवळ एक खाजगी डॉक्टर चाळीस वर्षे दवाखाना चालवीत होते. आमच्या वसाहतीतील आजोबा, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. ज्यांना त्या डॉक्टरांची फी परवडत होती त्यांचे सारे एकदाच सांगून झालेले होते. आमच्या वसाहतीने सातत्य विकत घेतले होते. थोड्याच अंतरावरच्या, नाग नदीच्या काठच्या झोपड्यांना ते विकतही मिळत नव्हते आणि फुकटही.

त्या मुलाच्या प्रकरणात त्या चार तरुण डॉक्टरांना मी दोष देत नाही, आणि केवळ रखडलेल्या आदेशालाही देणार नाही. दोष माझाही होता. मी एका दिवसासाठी जात आहे असे समजून काहीही लिहून न ठेवता निघून गेले होते. जे ज्ञान पाच वर्षांत माझ्यापाशी जमले होते, ते मी माझीच मालमत्ता असल्यासारखे डोक्यात घेऊन घरी बसले. व्यवस्थेने मला तात्पुरते मानले होते. मी माझे कर्तव्यही तात्पुरतेच मानले. हा विचार त्या हिवाळ्यात माझ्या मनातून हलत नव्हता. त्यानंतर मी एक वही सुरू केली. तिच्याबद्दल पुढे सांगेन.

कंत्राटी डॉक्टरांना कायम केले की प्रश्न सुटेल, असे आमच्या संघटनांचे म्हणणे असते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कर्मचाऱ्यांनी २०२३ च्या अखेरीस राज्यभर दीर्घ संप केला. १४ मार्च २०२४ रोजी शासनाने दहा वर्षे सेवा झालेल्यांना नियमित पदांच्या काही हिश्श्यात सामावून घेण्याचा निर्णय काढला, आणि तो अमलात यावा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना पुन्हा संपावर जावे लागले. त्यांची मागणी न्याय्य आहे. ज्याला स्वतःचे पुढचे वर्ष दिसत नाही, त्याने दुसऱ्याच्या पुढच्या दहा वर्षांची काळजी वाहावी, ही अपेक्षा अमानुष आहे. तरीही कायम नेमणूक म्हणजेच सातत्य, असे मला अनुभवावरून म्हणता येत नाही. कायम डॉक्टरांच्या बदल्या होतात, प्रतिनियुक्त्या होतात, ते प्रशासनात जातात. वीस वर्षे सेवेत असून एकाही कुटुंबाला न ओळखणारे अधिकारी मी पाहिले आहेत. उलट मामा कधीच कोणाचे कायम नोकर नव्हते. इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हाही तेथील कुटुंबवैद्यांनी सरकारी नोकरी नाकारली आणि करारानेच काम करणे पत्करले. आजही तेथील प्राथमिक सेवा प्रामुख्याने त्याच पायावर उभी आहे.

तेव्हा खरा प्रश्न करारात काय मोजले जाते, हा आहे. दिल्लीतील मोहल्ला क्लिनिकमध्ये २०१५ पासून डॉक्टरांना तपासलेल्या प्रत्येक रुग्णामागे ठरावीक रक्कम देण्याची पद्धत आली. त्यामुळे गल्लीगल्लीत डॉक्टर उपलब्ध झाला, ही मोठीच गोष्ट होती. पण अशा करारात माणूस बरा होऊन घरी राहिला तर डॉक्टरला काहीच मिळत नाही, आणि वारंवार येत राहिला तर मिळत राहते. आपल्याकडे १ मे २०२३ रोजी राज्यभर सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' योजनेने दुपारपासून रात्रीपर्यंतची वेळ निवडली. कामावरून परतणाऱ्यांसाठी ती फार सोयीची आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. तरीही ज्या दवाखान्याला आपला म्हणायचे, तेथे आपले म्हणावे असे एक माणूस पुढच्या वर्षीही बसलेले असेल का, हा प्रश्न तेथेही शिल्लक राहतो.

मला विचारले तर मी करारातला अगदी थोडा भाग बदलेन. खुर्चीच्या जागी कुटुंबे लिहीन. एका डॉक्टरकडे त्याच्या क्षेत्रातील इतकी कुटुंबे, त्यांची नावनिशीवार यादी, आणि मुदत किमान पाच वर्षांची. मधुमेहाचे परिणाम डोळ्यांत आणि मूत्रपिंडांत दिसू लागायला बहुधा तेवढा काळ तरी लागतो. मोबदल्याचा एक भाग यादीसाठी, एक भाग अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन पाहण्यासाठी. डॉक्टर पसंत नसेल तर कुटुंबाला तो बदलण्याची मुभा, कारण ज्या नात्यातून बाहेर पडता येत नाही ते नाते नव्हे. आणि ज्याला सर्वांत कमी पैसा लागेल ते सर्वांत आधी: जाणाऱ्या आणि येणाऱ्या डॉक्टरने एकत्र बसण्याचे पंधरा दिवस. आज शासकीय कार्यालयात टेबलखुर्चीचा कार्यभार सही घेऊन सोपवला जातो. जडवस्तू नोंदवहीत पंख्याची आणि तपासणीच्या खाटेची नोंद असते. माणसे मात्र कार्यभारात येत नाहीत. ज्या दिवशी मी रुजू झाले त्या दिवशी मला दोन कपाटांच्या किल्ल्या मिळाल्या होत्या आणि पन्नास हजार माणसांविषयी एक ओळही मिळाली नव्हती.

संगणकीय नोंदींनी हे साधेल, असे अलीकडे सांगितले जाते. नोंदी अवश्य हव्यात. त्या असत्या तर हायड्रॉक्सियुरियाची गोष्ट पुढच्या डॉक्टरला कळली असती. पण तो मुलगा कळांत गप्प होतो, हे कोणत्या रकान्यात भरायचे?

त्यासाठीच ती वही होती. दोनशे पानांची, जाड पुठ्ठ्याची. तीत मी आकडे लिहीत नसे, ते केसपेपरवर असतच. मी लिहीत असे ते असे: ही बाई गोळ्या घेते म्हणते, पण रमजानमध्ये आणि चैत्र नवरात्रात कोणाचेही न ऐकता बंद करते, कारण घरात दोन्ही पाळतात. हा रिक्षावाला दारू सोडल्याचे सांगेल, त्याला खोटे पाडू नये, सोडण्याच्या खटपटीत खरेच आहे. या आजींना ऐकू येत नाही, पण कबूल करीत नाहीत. उजव्या बाजूने बोलावे. या घरात मुलीचे वजन विचारताना सासूला बाहेर बसवावे. पाच वर्षांत वही भरली. व्यक्तींच्या खाजगी गोष्टी असल्यामुळे ती केंद्रातच कुलपात ठेवत असे, आणि दर वर्षी त्या मोकळ्या दिवशी, मी कोणाचीही डॉक्टर नसताना, कुलपाची किल्ली मुख्य परिचारिकेकडे देऊन घरी येत असे.

२०२४ च्या उन्हाळ्यात वयोमर्यादेमुळे माझी मुदत वाढली नाही. माझ्या जागी आलेला डॉक्टर सत्तावीस वर्षांचा होता, गोंदिया जिल्ह्यातला. त्याचाही आदेश अकरा महिन्यांचा होता. शासनाने दिले नव्हते ते पंधरा दिवस मी माझ्या मनाने त्याच्याशेजारी खुर्ची घेऊन बसले. मुख्य परिचारिकेने हरकत घेतली नाही. उलट दुसऱ्या दिवशी तिने त्या खुर्चीवर उशी आणून ठेवली. रुग्ण येत, माझ्याकडे पाहत, मी त्याच्याकडे बोट दाखवी. मेथीवाली बाईही आली. त्याने पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि माझ्याकडे न पाहता तिला म्हणाला, "मावशी, बुधवारी बाजारात दुपारची गोळी विसरता ना?" ती माझ्याकडे वळून पाहत राहिली. त्याने आदल्या रात्री वही वाचली होती.

गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन आला. नेमणुकीला अकरा महिने होऊन गेले होते, मधला दिवस कधीच उलटून गेला होता, तो पुन्हा त्याच खुर्चीवर होता. औषधांविषयी काही विचारायचे असेल असे मला वाटले. तो म्हणाला, "मॅडम, वहीत एकशे बारा पानावर त्या आजी आहेत. मुलगा पुण्याला गेला तेव्हापासून रात्री छातीत धडधडतं, असं तुम्ही लिहिलंय. मुलगा परत आला का, हे विचारू का त्यांना? की वाईट वाटेल?"

"विचारा," मी म्हटले. "पण सून बरोबर असेल त्या दिवशी नको. मंगळवारी त्या एकट्या येतात."